नैनसुख: राजाला रजईत गुरफटून बसलेला दाखवणारा दरबारी चित्रकार

सन १७६३. हरिद्वारच्या घाटावर डोंगराळ मुलखातून काही माणसं येतात. सोबत आहेत त्यांच्या राजाच्या अस्थी. विसर्जन आणि विधी उरकले की तीर्थोपाध्याय आपली लांबलचक वही उघडतो. कोण आलं, कुठून आलं, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, सगळं त्यात उतरवून ठेवायचं ही रीत. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलेल्या मराठी कुटुंबांना हा प्रकार चांगलाच ठाऊक आहे. आपल्या खापरपणजोबांचं नाव तिथल्या वहीत सापडलं की अंगावर काटा येतो, तीच ही वही.

आलेल्यांपैकी पन्नाशीतला एक माणूस स्वतःच लेखणी हातात घेतो. टाकरी लिपीत आपलं नाव, गाव आणि वंशावळ लिहितो. एवढ्यावर थांबत नाही. त्याच पानावर देवदेवतांचं एक रेखाचित्र काढतो आणि मग वही परत देतो.

या माणसाचं नाव नैनसुख. भारतीय लघुचित्रकलेतल्या सर्वांत मोठ्या चित्रकारांमध्ये आज त्याची गणना होते. पण या वहीतलं पान सापडलं नसतं, तर त्याचं घराणं, त्याचं गाव आणि त्याचा राजा नेमका कोणता, यातलं बरंच काही आपल्याला कळलंच नसतं.

दरबारी चित्रं नेमकी कशाची असायची?

नैनसुखने वेगळं काय केलं हे समजण्यासाठी आधी त्या काळात सगळे काय करत होते ते पाहावं लागेल.

मुघल, राजपूत आणि पहाडी दरबारांत चित्रकार आपल्या मनाला येईल तो विषय रंगवत नसे. विषय बरेचसे ठरलेले होते. एक गट धार्मिक ग्रंथांचा: रामायण, भागवत, गीतगोविंद. दुसरा काव्य-संगीताचा: रागांना माणसांचं रूप देणारी रागमाला, वर्षातल्या बारा महिन्यांचा विरह-शृंगार सांगणारी बारामासा, प्रियकराची वाट पाहणारी, रुसलेली किंवा रात्री त्याला भेटायला निघालेली नायिका. तिसरा गट थेट राजाचा. दरबारात बसलेला राजा, हत्तीवर बसलेला राजा, वाघाची शिकार करणारा राजा, गाणं ऐकणारा राजा, देवपूजा करणारा राजा.

या तिसऱ्या गटात एक अलिखित नियम होता. राजा चित्रात राजाच दिसला पाहिजे. अंगावर दागिने, मागे चवरी ढाळणारा सेवक, हातात फूल, बाज किंवा तलवार, चेहरा एका बाजूने आणि भाव स्थिर. शिकारीत त्याचा नेम चुकायचा नाही. थोडक्यात, आजच्या भाषेत सांगायचं तर ही सगळी अधिकृत फोटोशूट होती.

नैनसुखने हेच विषय घेतले. दरबार, शिकार, संगीत, घोडे, पूजा. नवा विषय शोधून काढला असं फार थोड्या वेळा झालं. पण त्या ठरलेल्या चौकटीत त्याने एक खराखुरा माणूस आणून बसवला. ते कसं घडलं, हीच त्याच्या आयुष्याची गोष्ट आहे.

गुलेरचं सुताराचं घर

आजच्या हिमाचल प्रदेशात, कांगडा जिल्ह्यात गुलेर नावाचं ठिकाण आहे. अठराव्या शतकात ते एका छोट्या संस्थानाची राजधानी होतं. आकाराने लहान, सत्तेच्या हिशेबात किरकोळ. पण तिथले राजे मुघल दरबाराशी संबंध राखून होते आणि चित्रांचे शौकीन होते.

इथे साधारण १७१० च्या सुमारास नैनसुखचा जन्म झाला. वडील पंडित सेऊ, आजोबा हसनू. नावामागे पंडित लागत असलं तरी घराणं मुळात सुतारांचं होतं. डोंगराळ भागात लाकूडकाम आणि चित्रकाम करणारे कारागीर अनेकदा एकाच समाजातून यायचे. पंडित सेऊंनी हाच वारसा आपल्या दोन्ही मुलांना दिला. थोरला मानकू, धाकटा नैनसुख.

घरातच कार्यशाळा होती. मुलं लहानपणापासून कामाला लागायची. कागदाचे थर चिकटवून जाड पत्रा तयार करायचा, दगड घासून तो गुळगुळीत करायचा, खनिजं आणि वनस्पतींपासून रंग बनवायचे, खारीच्या केसांचे कुंचले बांधायचे. रेघेवर हात बसला की मगच रंगाची परवानगी. एखादं चित्र पूर्ण झालं तरी त्यावर नाव घालायची पद्धत नव्हती. काम घराण्याचं असे, एकट्याचं नसे. पुढे इतिहासकारांना या सवयीमुळे किती डोकेफोड करावी लागली ते येईलच.

थोरल्या मानकूने वडिलांची वाट पुढे नेली. सपाट, झळझळीत रंग, ठसठशीत आकृत्या, पुराणातल्या प्रसंगांची भव्य मांडणी. १७३० मध्ये त्याने पूर्ण केलेली गीतगोविंदाची मालिका पहाडी चित्रकलेतला मैलाचा दगड मानली जाते. विशेष म्हणजे तिच्यावर त्याचं नाव आहे.

धाकट्याचं डोकं वेगळ्या दिशेने चाललं होतं. मुघल चित्रांतला बारकावा, खऱ्या माणसांचे खरे चेहरे आणि मोकळी जागा ठेवण्याची पद्धत त्याला भावली. हे त्याने कुठून उचललं यावर अभ्यासकांत चर्चा आहे. गुलेरच्या राजांकडे मुघल चित्रं होती का, की दिल्लीत काम केलेले चित्रकार डोंगरात आले होते? १७३९ मध्ये नादिरशाहने दिल्ली लुटल्यावर तिथले कलाकार आसरा शोधत बाहेर पडले, हे एक नेहमी दिलं जाणारं कारण आहे. पण नैनसुखचं वेगळेपण त्याआधीच्या कामातही दिसतं. त्यामुळे सगळं श्रेय नादिरशाहला देऊन मोकळं होता येत नाही.

साधारण १७३० च्या आसपासचं त्याचं एक आत्मचित्र आहे. विशीतला एक तरुण, हातात कुंचला, समोर फलक. ज्या काळात चित्रकार स्वतःचं नावही लिहीत नसे, त्या काळात हा पोरगा स्वतःलाच चित्राचा विषय करतो. नावाचा अर्थ डोळ्यांना सुख देणारा. पूर्वी कापडबाजारात नैनसुक नावाचं तलम सुती कापड मिळायचं, ते नावही याच शब्दावरून आलं. आईवडिलांनी नाव ठेवताना पुढचं काही ठरवलं असेल असं नाही, पण नाव चपखल बसलं खरं.

एक राजा, एक चित्रकार, वीस वर्षं

१७४० च्या सुमारास नैनसुखने गुलेर सोडलं आणि तो जसरोट्याला गेला. हे आजच्या जम्मू-काश्मीरमधल्या कठुआ जिल्ह्यातलं आणखी एक चिमुकलं संस्थान. वडील आणि भाऊ गुलेरला असताना त्याने घर का सोडलं असावं? एका छोट्या दरबारात एकाच घरातल्या तीन चित्रकारांना पुरेल एवढं काम नसणार, हा साधा हिशेब. शिवाय भावापेक्षा वेगळी शैली जोपासायची तर वेगळा आश्रयदाताही हवा.

जसरोट्यात त्याने सुरुवातीला मियाँ जोरावरसिंह आणि त्या राजघराण्यातल्या इतरांसाठी काम केलं. मग त्याची गाठ पडली जोरावरसिंहाच्या मुलाशी, बलवंतसिंहाशी. बलवंतसिंहाचा जन्म १७२४ चा. म्हणजे भेट झाली तेव्हा राजपुत्र जेमतेम सोळा वर्षांचा आणि चित्रकार तिशीचा. पुढची सुमारे वीस वर्षं, बलवंतसिंहाच्या मृत्यूपर्यंत, ही जोडी टिकली.

बलवंतसिंह इतिहासातला मोठा माणूस नव्हे. त्याने मोठी लढाई जिंकली नाही, मोठं राज्य केलं नाही. तो जसरोट्याच्या गादीवर प्रत्यक्ष बसला होता का, यावरही अभ्यासकांत एकमत नाही. नैनसुख नसता तर आज त्याचं नाव वंशावळीतल्या एका ओळीपुरतं उरलं असतं. गंमत अशी की, अकबर-जहांगीर सोडले तर त्या काळातल्या फार थोड्या राजांना आपण त्याच्याइतकं जवळून ओळखतो.

सुरुवातीची चित्रं रिवाजाला धरून आहेत. बलवंतसिंह संगीत ऐकतोय, नर्तकी पाहतोय, शिकार करतोय. पण तिथेही नैनसुखची नजर इकडेतिकडे भटकते. गवयांच्या घोळक्यात प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एक डोळे मिटून तल्लीन, दुसरा बाजूच्याकडे पाहणारा. लांब कर्णे फुंकणाऱ्या वादकांच्या त्याच्या एका चित्रात गाल इतके फुगलेत की बघणाऱ्याला हसू यावं. हे कोणी राजे-महाराजे नव्हेत, साधे वाजंत्री आहेत. पण चित्र त्यांचं आहे.

मग हळूहळू राजाच बदलायला लागतो. म्हणजे राजा तोच, पण प्रसंग असे, की जे एरवी दरबारी चित्रात कधी आले नसते. न्हावी राजाची दाढी नीट करतोय. राजा छावणीतल्या तंबूत लिहीत बसलाय. थंडीच्या दिवसांत राजा रजईत गुरफटून शेकोटीसमोर बसलाय, कसलाही थाट नाही. राजा एका घोड्याची पारख करतोय आणि घोडाही तितकाच महत्त्वाचा वाटतोय.

रजईतल्या चित्रावर जरा थांबायला हवं. आपल्या घरात कोणी आजारी असताना किंवा थंडी वाजत असताना त्याचा फोटो काढून भिंतीवर लावू का आपण? नाही लावणार. मग अठराव्या शतकातला एक राजा आपल्या चित्रकाराला अशा क्षणी जवळ बसू देतो, त्याला पाहू देतो आणि ते चित्र जपूनही ठेवतो, याचा अर्थ काय? नोकर आणि मालक या नात्यात हे बसत नाही. त्यांच्यात काय बोलणं व्हायचं याची नोंद नाही. पण चित्रांतला विश्वास लपत नाही.

या नात्याचा सर्वांत सुंदर पुरावा आज स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या रीटबर्ग संग्रहालयात आहे. बलवंतसिंह बसलाय, हातात कृष्णाचं एक चित्र धरून ते निरखतोय. जवळच एक माणूस हात जोडून अदबीने बसलाय. अभ्यासकांच्या मते हा खुद्द नैनसुख. दरबारात चित्र पाहण्याचा कार्यक्रम कसा होत असे हे दाखवणारी चित्रं आपल्याकडे फार नाहीत. त्या काळी लघुचित्रं भिंतीवर टांगत नसत. बस्त्यात बांधून ठेवत, मूड लागला की बाहेर काढून हातात घेऊन पाहत. पोथीसारखी. म्हणून तर ती इतकी लहान आणि इतकी बारीक असतात.

रंगांबाबतही नैनसुख हात राखून असे. त्याच्या अनेक चित्रांत कागदाचा मूळ रंग तसाच सोडलेला दिसतो. पार्श्वभूमी जवळपास रिकामी. बारीक रेषा, वर पातळ रंगाचा हलका हात, बस्स. भावाच्या चित्रातल्या लाल-पिवळ्या भडिमारासमोर ही चित्रं कुजबुजल्यासारखी वाटतात. काम अर्धवट सोडलंय की मुद्दाम थांबवलंय, असा प्रश्न काही वेळा पडतो.

ओसरते दिवस

पुढच्या वर्षांतल्या चित्रांत थाट कमी होत जातो. सेवकांची गर्दी पातळ होते. वाड्याऐवजी तंबू दिसायला लागतो. यावरून अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला, की बलवंतसिंहाची परिस्थिती खालावली होती आणि शेवटचा काही काळ त्याला जसरोट्याबाहेर काढावा लागला असावा.

या काळात नैनसुख काय करतो, तर त्याच्यासोबत राहतो. चित्रकारांचं पोट आश्रयदात्यावर अवलंबून असे. राजाची सत्ता गेली की चित्रकार दुसरा दरबार शोधत. त्यात काही गैर मानलं जात नसे. नैनसुखलाही दुसरा राजा सहज मिळाला असता, नंतर मिळालाही. पण बलवंतसिंह जिवंत होता तोवर तो हलला नाही. राजाच्या चेहऱ्यावरचं वय वाढतं आणि चित्रकार ते प्रामाणिकपणे नोंदवत जातो. सोळा वर्षांच्या पोरापासून एकोणचाळीस वर्षांच्या थकलेल्या माणसापर्यंत.

१७६३ मध्ये बलवंतसिंह वारला. अस्थी हरिद्वारला नेणाऱ्या मंडळींत नैनसुख होता. तीर्थोपाध्यायाच्या वहीतली ती नोंद आणि ते रेखाचित्र याच वेळचं.

बसोहली आणि पुढची पिढी

त्यानंतर नैनसुख बसोहलीला गेला, राजा अमृतपालाच्या आश्रयाला. अमृतपाल धार्मिक वृत्तीचा. त्याला स्वतःची चित्रं नकोत, कृष्णलीला हवी. पन्नाशी ओलांडलेला चित्रकार पुन्हा काव्य आणि पुराणांकडे वळला. राजांचे खासगी क्षण टिपण्याचं काम मात्र जसरोट्याबरोबरच संपलं. बलवंतसिंहाइतकी मोकळीक दुसऱ्या कोणी दिली नसावी, किंवा नैनसुखलाच ती नको असावी.

१७७८ च्या सुमारास त्याचं निधन झालं. मागे चार चित्रकार मुलं होती: कामा, गौधू, निक्का आणि रांझा. मानकूची मुलं फत्तू आणि खुशाला हीही चित्रकारच. या चुलतभावांनी मिळून जे काम केलं ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं, फक्त कोणाचं ते माहीत नसतं. कॅलेंडरांवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, सोशल मीडियावर फिरणारे यमुनाकाठचे नाजूक राधा-कृष्ण, हिरवीगार झाडी, शांत नदी, चांदण्यातली सखी. १७७५ च्या सुमाराची गीतगोविंदाची मालिका, भागवताची मालिका, बिहारीच्या सतसईवरची चित्रं. कांगडा शैली म्हणून जे नावाजलं जातं, त्यातला मोठा भाग या एका कुटुंबाचा. काकाची भव्य कल्पना आणि बापाचा हळुवार हात, दोन्ही त्यांच्याकडे आलं.

हरवलेलं नाव सापडलं कसं?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पहाडी चित्रं संस्थानांच्या नावाने ओळखली जात. ही बसोहलीची, ही कांगड्याची, ही गुलेरची. चित्रकार बहुतेक निनावी. नैनसुखचं नाव मोजक्या चित्रांवरच्या लेखांमुळे माहीत होतं, पण बलवंतसिंहाची ओळखच चुकीची ठरली होती. त्याला जम्मूच्या राजा रणजीतदेवचा भाऊ समजलं जात होतं. त्यामुळे चित्रकारही जम्मूचा ठरला.

या अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे. पेशाने वकील असलेल्या कार्ल खंडालावाला यांनी १९५८ मध्ये पहाडी लघुचित्रांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या संग्रहाचं दालन आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पहाडी चित्रं प्रत्यक्ष पाहायची असतील तर झुरिकला जायची गरज नाही, काळा घोड्याला उतरलं तरी पुरे.

कोडं सोडवलं ते बी. एन. गोस्वामी यांनी. हे गृहस्थ १९५६ मध्ये आयएएस झाले आणि दोनच वर्षांत नोकरी सोडून कलेच्या इतिहासाकडे वळले. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. चित्रकार चित्रावर नाव लिहीत नसतील, पण हिंदू कुटुंबं तीर्थाला तर जात असतील ना? मग तिथल्या वह्यांत त्यांची नोंद असणारच. महिनोन् महिने हरिद्वारच्या वह्या चाळताना त्यांना पंडित सेऊ, मानकू, नैनसुख आणि त्यांच्या मुलानातवंडांच्या नोंदी सापडत गेल्या. जमिनीच्या महसुली कागदांतूनही धागे मिळाले. बलवंतसिंह जम्मूचा नसून जसरोट्याचा, हेही या शोधातून पक्कं झालं.

१९६८ मध्ये मुंबईच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात गोस्वामींचा लेख आला. त्यातला मुद्दा तेव्हा धक्कादायक होता: शैली राज्याची नसते, कुटुंबाची असते. चित्रकार एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात गेला की शैलीही त्याच्यासोबत जाते. १९९७ मध्ये त्यांनी नैनसुखवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. २०२३ मध्ये नव्वदीत त्यांचं निधन झालं.

२०१० मध्ये दिग्दर्शक अमित दत्ता यांनी ‘नैनसुख’ नावाचा चित्रपट केला. संवाद जवळजवळ नाहीत. जसरोट्याच्या पडक्या वाड्यात जाऊन त्यांनी नैनसुखची चित्रं एकेक करून माणसांकरवी पुन्हा उभी केली. वाड्याच्या भिंतींवर झाडं वाढली आहेत आणि त्याच भिंतींपाशी बलवंतसिंह पुन्हा एकदा हुक्का ओढत बसलेला दिसतो.